खंडाचं रान

माझी मुलगी पगारातले पैसे गेममध्ये घालते आणि वर गेम महागले म्हणून तणतणते, आणि दोन्ही एकाच तोंडानं. एका छोट्या ऑफिसात डिझाइनच्या कामाला लागली, पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून टीव्हीला जोडायचा तो काळा डबा घेऊन आली, आणि त्या दिवसापासून हॉलमधला टीव्ही आमचा राहिला नाही. कॉलेजात असताना तिला जो गेम तीन हजारात मिळायचा तो आता साडेपाचला गेला, पुढं आणखी जाणार, हे ती आम्हाला भाकरी मोडता मोडता सांगायची. वर गेम अर्धाच देतात आणि उरलेला तुकड्यातुकड्यानं विकतात, हे तिचं दुसरं दुखणं. तिसरं म्हणजे आता बहुतेक गेमांना डिस्कच नसते. पूर्वी खेळून झालं की डिस्क मैत्रिणीला द्यायची, तिची आपण आणायची, नाहीतर निम्म्या किमतीत कुणाच्या तरी गळ्यात मारायची. आता गेम इंटरनेटवरून येतो आणि डब्यातच राहतो. पैसे पुरे मोजायचे आणि हातात काही नाही.

मी म्हणायची, गेम घेतला नाही तर चूल पेटायची थांबते का? बटाटे महागले तर आपण कंपनीला शिव्या देत बसतो का? मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. तेवीस वर्षं सुया टोचतेय, त्यामुळं दुसऱ्याची कुरकुर माझ्या कानावर पडते, पण आत शिरत नाही. पोरगी चिडून म्हणायची, "मम्मी, तुझ्याशी बोलायचंच नाही मी. मी जातो आत." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, मी जातो, मी येतो. पुण्याची माणसं हसतात. हसू देत.

मग आण्णा राहायला आले.

आण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून गडमुडशिंगीत एकटेच राहायचे. भाऊ पुण्याला चौथ्या मजल्यावर असतो. त्यानं मनापासून नेलं होतं त्यांना, पण आठ दिवसांत परत आले आणि म्हणाले, तिथं भुई दिसत न्हाई. पुढं गोठ्यात शेणावरून पाय सरकला आणि खुबा मोडला. दोन तास तिथंच पडून होते. म्हशी ओरडायला लागल्या म्हणून शेजारीण डोकावली, नाहीतर काय झालं असतं ते मला अजून मनात आणवत नाही. ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून मी त्यांना सरळ माझ्या घरी आणलं. म्हशी शेजाऱ्यालाच विकल्या. रान त्याआधीच संपलं होतं, काही रस्त्यात गेलं, राहिलेलं प्लॉट पाडून विकलं.

आमच्याकडं बाप लेकीच्या घरी फुकट खात नाही. पूर्वी म्हणे लेकीच्या गावचं पाणीसुद्धा पीत नसत. आण्णा पाणी प्यायचे, पण उठताना नातीच्या हातावर दहाची नोट ठेवायचे. माझी मुलगी ती खाऊची नोट समजायची. ती पाण्याची किंमत होती. आता मुक्कामच पडला म्हटल्यावर ते दर दोन दिवसांनी माझ्या नवऱ्याच्या हातात पैसे कोंबून भाजी आणायला लावायचे. नवरा एमआयडीसीत मशीनशॉपला आहे, गरीब स्वभावाचा, तो मुकाट्यानं पिशवी घेऊन जायचा. आणि रोज एक वाक्य ठरलेलं, "चार दिसानं जातो गावाकडं." त्या बंद घरात संडास परसात, मधे तीन पायऱ्या, रात्री हाक ऐकायला कुणी नाही. परत गेले तर ते परत पडणार आणि या वेळी म्हशीसुद्धा ओरडायला नसणार, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. त्यांना इथं धरून ठेवायला माझ्याकडं काही नव्हतं.

ते सुकत चालले होते. गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीची भिंत बघत बसायचे. आयुष्यभर ज्यांचा आवाज चार रानं ओलांडून जायचा, ते आमच्या घरात हळू बोलायला लागले. मीठ कमी पडलं तरी सांगेनात. पाव्हण्यासारखे वागायला लागले, आणि मला त्याचं इतकं वाईट वाटायचं की मी उगीच त्यांच्यावर खेकसायची.

एका रविवारी मुलीनं त्यांच्या हातात तिचा रिमोट दिला. दर महिन्याला थोडे पैसे भरले की शंभरेक गेम खेळायला मिळतात, तसलं काहीतरी तिनं घेतलेलं होतं, आणि त्यात एक शेतीचा गेम होता. परदेशातलं शेत, लाल ट्रॅक्टर, पलीकडं टेकड्या. आण्णांनी तो रिमोट दोन्ही हातांनी असा गच्च धरला जसं नांगराचं रुमणं. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर ओढ्यात घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढ्यात. तिसऱ्या दिवशी सरळ तास मारला आणि वळणावर अवजार उचलून परत लावलं, तेव्हा नातीला म्हणाले, बघ, असं वळवायचं असतंय. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. किती तरी दिवसांनी आवाज मोठा झाला होता.

मग काय, जडलंच. सकाळी आंघोळ, देवाला नमस्कार, चहा, आणि मग "रानात जातो" म्हणून ते हॉलमधल्या खुर्चीवर बसायचे. गावाकडून कुणाचा फोन आला तर सांगायचे, रानात हाय, मागनं लावतो. पलीकडच्या माणसाला काय वाटत असेल देव जाणे. गेमवर टीका तर अखंड चालायची. या शेताला बांध का नाही? मग स्वतःच उत्तर काढलं, बांध न्हाई म्हंजे भावकी न्हाई, बरं हाय. भांगलायला बायका कुठं दिसत नाहीत, तण आपोआप कसं मरतं? सगळ्यात नवल त्यांना वाटलं ते एका फळ्याचं. कुठल्या बाजारात गव्हाला काय भाव आहे तो त्या फळ्यावर आधीच दिसायचा, पटलं तर माल न्यायचा, नाहीतर थांबायचं. ज्या माणसानं ऊस आधी घातला आणि दर कळायला महिनोन्महिने वाट बघितली, तो त्या फळ्यावरचे आकडे एकेक करून मोठ्यानं वाचत राहिला. "माल घालायच्या आदी भाव कळतोय," ते मला म्हणाले, "असल्या रानात जल्माला याय पायजे हुतं."

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. चार दिसानं जातो, हे त्यांनी म्हणायचं सोडलं होतं. मी मनातल्या मनात पेरणी, काढणी मोजायची. गहू निघाला की मका, मक्यानंतर सोयाबीन. म्हटलं पेरत राहू देत, तेवढे दिवस तरी माझ्या घरात राहतील.

पाच-सहा महिने असे गेले आणि एका सकाळी गेम उघडेना. कुलपाचं चित्र यायचं. मुलीनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. त्या महिन्याच्या पैशांत मिळणाऱ्या गेमांतून हा गेम काढून टाकला होता. पुढं खेळायचा तर विकत घ्यायचा. शेत जसंच्या तसं जपलेलं होतं, सोयाबीन उभं होतं, फक्त आत जायला वाट नव्हती. हे आण्णांना कसं समजवायचं म्हणून ती शब्द शोधत होती, पण त्यांना एका क्षणात कळलं.

"म्हंजे खंडाचं रान हुतं म्हन की," ते म्हणाले. "मालकानं काढून घेतलं."

वर्षाला ठरलेले पैसे नाहीतर माल देऊन दुसऱ्याचं रान कसायचं, त्याला आमच्याकडं खंडानं कसणं म्हणतात. माझ्या पणज्यानं सगळी हयात तसंच दुसऱ्याचं रान कसलं. पुढं कसेल त्याची जमीन असा कायदा आला आणि आज्जाच्या नावावर सातबारा झाला. ही गोष्ट आण्णांनी मला लहानपणी इतक्या वेळा सांगितली होती की कुठं थांबणार आणि कुठं मांडीवर थाप मारणार हे मला पाठ होतं. त्या सकाळी त्यांनी थाप मारली नाही. रिमोट व्यवस्थित पुसून नातीच्या हातात दिला, गॅलरीत जाऊन बसले आणि दुपारी जेवताना म्हणाले, "चार दिसानं जाऊन येतो गावाकडं."

मी मुलीला आत घेतलं आणि विचारलं, केवढ्याला आहे तो? ती म्हणाली, साडेतीन हजार. सहा महिन्यांपूर्वी असल्याच किमतींवरून मी तिला अक्कल शिकवत होते. एक सेकंद वाटलं, साडेतीन हजारात चांगली खुर्ची येईल, गुडघ्याची मलमं येतील. मग गॅलरीत बघितलं. म्हटलं, घे. आणि आण्णांना किंमत मी सांगणार, तू मधे तोंड घालायचं नाहीस.

आण्णांनी विचारलंच. बंडीच्या आतल्या खिशात हात घालूनच विचारलं. मी सुई टोचताना "काही दुखणार नाही हं" म्हणते त्याच आवाजात म्हटलं, "साडेतीनशे." शून्य गाळलं एक. त्यांनी नोटा काढून दिल्या आणि समाधानानं म्हणाले, तेवढंच व्हय, रानाच्या मानानं काय बी न्हाई. मी ते पैसे घेतले, कारण घेतले नसते तर त्यांनी गेम घेतला नसता.

खोटं एकदा बोलून भागत नाही. त्या शेतात गायी होत्या, मेंढ्या होत्या, घोडेसुद्धा होते, पण म्हैस नव्हती. म्हशी वेगळ्या विकायला ठेवल्या होत्या, सातशे रुपयांना. तेव्हा मात्र मी भडकले. गाय गेममध्ये आणि म्हशीचे पैसे वेगळे? कोल्हापूरच्या माणसाला? मुलगी हसायला लागली आणि म्हणाली, मी दोन वर्षं हेच सांगतोय तर तुला पटत नव्हतं, आता म्हशीवर आलं तर पटलं. मला खरंच पटलं होतं. ज्याचा एखाद्या गोष्टीत जीव अडकलाय त्याच्याकडून तिचे तुकड्यातुकड्यानं पैसे काढणं हा धंदा असेल, पण निलाजरा. तरी आम्ही म्हशी घेतल्या. आण्णांना सत्तर रुपये सांगितले. आमच्या हॉलमध्ये चार म्हशी आल्या आणि त्या दिवशी आण्णा दुपारी झोपलेसुद्धा नाहीत.

आता पुढचं सांगते, ज्यात सगळी चूक माझी.

मुलीचा वाढदिवस आला होता. तिला एक नवा गेम हवा होता, पण ती किंमत उतरायची वाट बघत होती. महिनाभर रोज तेच, साडेपाचला आहे, थांबतो, साडेपाच म्हणजे फार होतात. आण्णा खुर्चीत बसून हे ऐकायचे. त्यांच्या डोक्यात गेमचा भाव पक्का होता, साडेतीनशे. त्यामुळं साडेपाच म्हणजे त्यांच्या लेखी साडेपाचशे. आम्ही तिघंही मिळवती माणसं, आणि पोरीच्या वाढदिवसाला साडेपाचशे रुपये काढायला का-कू करतोय, हे त्यांना बघवेना. शनिवारी मुलीला सुट्टी, मला आणि नवऱ्याला नाही. ती अंघोळीला गेलेली बघून त्यांनी टोपी घातली, काठी घेतली, खाली जाऊन रिक्षा केली आणि राजारामपुरीत गेमचं दुकान शोधून काढलं. खिशात सहाशे रुपये. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ते एकटे बाहेर पडले होते.

मला लॅबमध्ये फोन आला. दुकानदार होता, तरुण मुलगा, अदबीनं बोलत होता. वडिलांच्या खिशातल्या चिठ्ठीवर तुमचा नंबर आहे, म्हणाला, जरा येता का. मी ॲप्रन न काढताच धावले, दोन गल्ल्या पलीकडंच होतं.

तिथं काय झालं ते दुकानदारानं सांगितलं. त्यानं साडेपाच हजार म्हटल्यावर आण्णांना वाटलं, म्हातारा बघून गंडवतोय. दुकानाबाहेर माणसं थांबतील एवढा आवाज लावला. दर माहीत नाही असं समजू नकोस, माझ्या लेकीनं साडेतीनशेला आणलाय, म्हशी सत्तरला. दुकानदारानं त्यांना समजवायला कॉम्प्युटरवर त्यांचाच तो शेतीचा गेम काढून दाखवला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. आकडा येतो.

मी पोचले तेव्हा ते स्टुलावर बसले होते, दुकानदारानं दिलेल्या पाण्याची बाटली मांडीवर न उघडता धरलेली. मला बघून उठले. दुकानदाराला म्हणाले, "चुकलं माजं पावणं, राग मानू नगा." मला काहीच म्हणाले नाहीत. रिक्षातही नाही. ते ओरडले असते तर मी उलट ओरडले असते आणि दोघंही मोकळे झालो असतो. असं गप्प बसलेलं मी त्यांना आई गेली तेव्हाच बघितलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी काढली. दोन धोतरं, टॉवेल, औषधांचा डबा. मुलगी दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, "लेकीच्या घरात फुकट खात बसलोय, आन मलाच म्हाईत न्हाई."

मग मी बोलले. बरंच बोलले. खरी किंमत सांगितली असती तर घेतला असता का? नसता घेतला. मग खोटं बोलू नको तर काय करू? तुम्हाला त्या घरात पडून मरायचं असेल तर जा, पण माझ्या साडेतीन हजारांवर त्याचं बिल फाडू नका. माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि हात मात्र पिशवीतलं एकेक धोतर बाहेर काढत होते. ते परत आत घालायचे. मुलीला कळेना हसावं का रडावं.

शेवटी दमून ते पलंगावर बसले. खुबा दुखत होता. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, नातीला विचारलं, एवढं पैसं घेत्यात तरी कशाचं? त्यात हाय काय?

तिनं समजावलं. एक गेम करायला शेकडो माणसं तीन-तीन, चार-चार वर्षं काम करतात. चित्रं काढणारी, आवाज देणारी, ट्रॅक्टरचं चाक चिखलात कसं फिरेल त्याचा हिशेब करणारी. दिवसेंदिवस खर्च वाढतो म्हणून किंमत वाढवतात, असं कंपन्या सांगतात. आण्णा लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, मग त्यात वावगं न्हाई. पिकवणाऱ्यानं दर वाढवून मागितला तर त्याला कोण चूक म्हणेल, आम्हीही उसाच्या दरासाठी रस्त्यावर बसलोय. पण वाढीव दर त्या राबणाऱ्यांच्या हातात पडतो का? मुलगी म्हणाली, सगळा नाही पडत, गेम पुरा झाला की पुष्कळांना कामावरून काढूनही टाकतात. आण्णांनी मान हलवली. हे त्यांना नवीन नव्हतं. मग विचारलं, आणि आता ह्यो गेम तर आपला झाला न्हवं, पुरं पैसं दिल्यात?

ती घुटमळली. खरं सांगितलं तिनं. म्हणाली, नाही आजोबा, आपण विकत घेतला तरी तो आपला नसतो. आपल्याला खेळायची परवानगी दिलेली असते. उद्या कंपनीनं बंद करायचं ठरवलं तर बंद.

आण्णा ताडकन सरळ बसले.

"पैसं खरेदीचं घ्यायचं आन कागुद खंडाचा द्यायचा, ह्यो कुठला न्याय? सा म्हयनं मी राबलोय त्या रानात. जे राबलं त्येचं नाव नगो लागाया?"

आणि तिथंच थांबले. माझ्याकडं बघितलं.

मला माहीत होतं त्यांना काय आठवलं. मलाही तेच आठवलं होतं. सात वर्षांपूर्वी, रान प्लॉट पाडून विकायचं ठरलं तेव्हा, ते मला रजिस्टर कचेरीत घेऊन गेले होते. हक्कसोड पत्र. लेकीनं बापाच्या जमिनीवरचा आपला हक्क भावासाठी सोडला, असं लिहून द्यायचं. सगळ्याच मुली देतात. मी सही केली, अंगठा उमटवला, भावानं साडी दिली, परत येताना आण्णांनी मला भडंगाचा पुडा घेऊन दिला. मी हसत होते. भाऊ वाईट नाही, तो आजही माझ्या एका हाकेला येतो. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं तर त्यालाही म्हटलं, मला काय करायचंय रान. खरं म्हणजे त्या रानात मी शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर भांगललंय, वैरणीचे भारे डोक्यावरून वाहिलेत, पाण्याची पाळी आली की आण्णांच्या बरोबर गुडघाभर चिखलात पाटाची दारं धरलीत. भाऊ तेव्हा लहान होता. मला वाईट वाटलं होतं. सात वर्षांत हे मी कुणापाशी बोलले नव्हते, आणि मला वाटायचं आण्णांना ते सुचलंही नसेल. लेकीच्या घरी फुकट खायचं नाही ही रीतभात नव्हती, निदान गेली सात वर्षं तरी नव्हती. ज्या लेकीला काही दिलं नाही तिचं ताट पुढं ओढायची त्यांना लाज वाटत होती. ते मला त्या क्षणी कळलं आणि माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

मी पिशवीतून औषधांचा डबा काढून टेबलावर ठेवला, आणि या वेळी त्यांनी तो परत आत घातला नाही.

काठी टेकत ते हॉलमध्ये गेले, खुर्चीत बसले आणि नातीला टीव्ही लावायला सांगितला. सोयाबीन काढणीला आलेलं होतं. चारी म्हशी कुंपणाशी उभ्या होत्या. तिला म्हणाले, "ह्या रानाला नाव लावता येतंय का?"

"येतं की," ती म्हणाली. "आत्ता नुसतं शेत नंबर एक आहे. तुमचं लावतो."

"माजं नगो. तुज्या आईचं लाव."

ती अक्षरं शोधायला लागली आणि मधेच थांबून तिनं विचारलं, सासरचं लावू का माहेरचं?

"म्हायेरचं," आण्णा म्हणाले. "रान म्हायेरचं हाय."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एकेक अक्षर टीव्हीवर उमटत गेलं. माझं नाव, मग आण्णांचं नाव, मग आमचं आडनाव. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्या नावानं मला कुणी हाक मारत नाही. कंपनी उद्या हे सगळं बंद करू शकते हे पोरीनं आत्ताच सांगितलं होतं. ते वाचताना मला त्याचं काही वाटलं नाही. मी पदर तोंडाला लावला.

आण्णांनी रिमोट हातात घेतला, पण ट्रॅक्टर सुरू केला नाही. खुर्चीतूनच मान वळवली.

"मालकीनबाई," ते म्हणाले, "गडी ठेवायचा हाय का रानात?"

शहरात आल्यापासून मी तशी भाषा बोलत नाही, पण तोंडातून तीच आली.

"ठेवायचा हाय," मी म्हटलं. "पर चार दिसानं जातो म्हननारा नगो."

"न्हाई जात," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी ट्रॅक्टर सुरू केला.